शेठकाकांविरुद्धचा माझा जबाब

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी शेठकाकांचं नाव घेतो. आईवडिलांच्याही आधी घेतो. आईनं हे माझ्या तोंडून कितीदा तरी ऐकलं आहे, पण ती कधी रागावली नाही. उलट म्हणायची, "खरं हाय. जलम आमी दिला, शाळा त्यांनी."

शेठकाका म्हणजे जुन्नरच्या बाजारपेठेतले किराणा-भुसार व्यापारी. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. घरातल्या म्हाताऱ्यांशी दोन शब्द मारवाडीत, बाकी सगळं मराठीत. आम्ही मढच्या बाजूच्या एका वाडीतले. खाचरात भात, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि जंगलातून आणलेला हिरडा. हा वाळवलेला हिरडा वडील शेठकाकांच्या दुकानात घालायचे. शेठकाका पोत्यात हात खुपसून मूठभर हिरडा काढायचे, कानाशी नेऊन खुळखुळवायचे आणि म्हणायचे, "पाटील, अजून दोन उन्हं दाखवायला पाहिजे होती." वडील पाटील नव्हते. पण शेठकाका डोंगरातल्या प्रत्येक माणसाला पाटील म्हणायचे आणि भाव योग्य द्यायचे.

दहावीनंतर मला जुन्नरला शिकायचं होतं. वसतिगृहात जागा मिळाली नाही. वडील पोतं टेकवून दुकानाच्या पायरीवर बसले आणि सहज बोलले, "आता पोरगं भाताच्या आवणीलाच न्यायचं." शेठकाकांनी पावती लिहिता लिहिता विचारलं, "टक्के किती?" वडिलांना सांगता येईना. मी सांगितलं. शेठकाका म्हणाले, "वरची खोली रिकामी आहे. राहू दे इथं. नापास झाला तर घेऊन जा."

त्या खोलीत मी पदवीपर्यंत राहिलो. खिडकीतून खाली गल्ली दिसायची. जेवण शेठकाकांच्या घरी. कांदा-लसूण नाही, आणि दिवस मावळायच्या आत ताट वाढून तयार. पहिला आठवडा मला रात्री भूक लागायची. पुढे अंगवळणी पडलं. अजूनही माझं तसंच आहे. शाळेतून आलो की पाच-साडेपाचला भूक लागते. बायको हसते, म्हणते, "तुम्ही मराठे की जैन?"

मी घोडेगावच्या बाजूला एका शाळेत शिक्षक झालो. नोकरीची ऑर्डर घेऊन आधी दुकानात गेलो. शेठकाकांनी ती चष्मा लावून पूर्ण वाचली, गिऱ्हाइकांना दाखवली आणि गल्लीत पेढे वाटले. वडील तोपर्यंत गेले होते. तो पेढा माझ्या तोंडात शेठकाकांनीच घातला.

हे एवढं लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

त्याच बाजारपेठेत एक पतसंस्था होती. दारावर संचालकांच्या नावांची पाटी होती. सर्वांत वर चेअरमन, आणि खाली बरीच नावं. त्यांत शेठकाकांचं. चेअरमन राजकारणातल्या लोकांत ऊठबस असलेला, जीपमधून फिरणारा, सगळ्यांच्या लग्नांना हजर राहणारा माणूस. लोकांनी पैसे ठेवले ते मात्र खालची नावं बघून. आमच्या वाडीनं ठेवले ते एकाच नावाकडे बघून. वडील गेल्यावर आलेली विम्याची रक्कम आणि हिरड्याचे साठवलेले पैसे आईनं तिथं ठेवले. शेजारच्या बायकांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "ज्या ताटात माझं पोरगं जेवलं, तिथं माझा पैसा बुडत न्हाई." त्या एका वाक्यावर सबंध वाडी जुन्नरला जाऊन पावत्या घेऊन आली. आमच्या शेजारच्या म्हातारीनंसुद्धा ठेवले. सगळी वाडी तिला आत्या म्हणायची. एक मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, दुसरं कुणी नाही. आजारपणात कुणापुढे हात पसरायला नको, म्हणून ठेवले.

आता मी जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो, कारण पुढे सगळं त्यावरच आलं.

संस्थेत कर्ज द्यायचं तर संचालकांनी बैठकीला बसायचं, कागद तपासायचे, चर्चा करायची आणि मग प्रोसिडिंग बुकात सह्या करायच्या, असा नियम. प्रत्यक्षात संस्थेचा शिपाई ते बुक काखेत मारून दुकानात यायचा. बाजाराचा दिवस, गिऱ्हाइकांची गर्दी. शेठकाका जिऱ्याची पुडी बांधत असायचे. "काय आहे?" म्हणून विचारायचे. शिपाई म्हणायचा, "मागच्या मिटिंगचं, शेठ." शेठकाका पुडीचा दोरा दातात धरून सही करायचे. मी खोलीतून खाली पाणी भरायला उतरायचो तेव्हा हे दिसायचं. शिक्षक झाल्यावर भेटायला जायचो तेव्हाही दिसायचं. मूठभर हिरडा कानाशी खुळखुळवल्याशिवाय न घेणारा माणूस त्या बुकातली एक ओळही वाचत नव्हता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. गल्लीतल्या कुणालाच वाटलं नाही. इतक्या गर्दीतही शेठ संस्थेचं काम करतात, असंच सगळे म्हणायचे.

एका सकाळी संस्थेचं शटर अर्ध्यावरच राहिलं. दुपारी पूर्ण खाली आलं. मग हळूहळू कळत गेलं. चेअरमननं आपल्याच माणसांना कर्जं दिली होती. काही कर्जं तर अशा लोकांच्या नावावर होती ज्यांना कर्ज घेतल्याचा पत्ताही नव्हता. त्यांतले काही आमच्या वाडीतले. दोन वर्षांपूर्वी चेअरमन स्वतः जीप घेऊन वाडीत आला होता. योजनेचे फॉर्म आहेत, पाइप मिळतील, म्हणून अंगठे आणि सह्या घेऊन गेला होता. पाइप आले नाहीत. मागाहून ती त्यांच्या नावावरची कर्जं निघाली.

सहकार खात्यानं संचालकांची जबाबदारी ठरवण्यासाठी चौकशी अधिकारी नेमले. ठेवीदारांनीही कृती समिती काढली. तिचे म्होरके आंबेगाव तालुक्यातले एक निवृत्त एसटी कंडक्टर. पन्नास माणसांत आवाज चढवायची त्यांना सवय होती. देवळाच्या मंडपात पहिली बैठक झाली. मी मागं बसलो होतो. त्यांनी मला पाहिलं.

"मास्तर, फुडं या की. का शेठच्या ताटातलं मीठ आडवं येतंय?"

लोक हसले. मी पुढे गेलो.

कुणीतरी म्हणालं, "भाऊ, त्याला कशाला बोलता? त्याच्या आईचंबी गेलंय."

"म्हणून तर बोलतोय. तोटा बी त्याचा आन् शेठ बी त्याचा. दोन्ही खिसे एकाच सदऱ्याला!" कंडक्टर म्हणाले. मग आवाज उतरवून मला म्हणाले, "राव, चिडू नका. तुमची वाडी चेअरमनला अडकवू शकते. जीप घेऊन तो सोता आला व्हता का न्हाई? दुसऱ्या कुठल्या गावात तो सोता गेला न्हाई. माणसं धाडली. तुमच्या लोकांनी फकस्त तेवढं चौकशीत सांगायचं."

हे खरं होतं. समितीच्या वकिलांनीही तेच सांगितलं. चेअरमनला थेट बांधणारा पुरावा एकच होता. तो म्हणजे त्याला डोळ्यांनी पाहिलेली आमच्या वाडीतली माणसं. मी सुट्टीत वाडीत जाऊन सगळ्यांना बसवलं, समजावलं. सगळे तयार झाले. आई पण. आत्या म्हणाली, "मी तर त्याला ताक पाजलं व्हतं. ताकाचं बी सांगते." वकिलांनी जबाब लिहून घेतले. भाद्रपद सरल्यावर सगळ्यांनी जुन्नरला येऊन अधिकाऱ्यांसमोर ते कायम करायचे, असं ठरलं.

भाद्रपदाच्या तोंडावरच जैनांचं पर्युषण येतं. शेठकाका दर वर्षी आठ दिवसांचा उपास करायचे, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. शेवटचा दिवस संवत्सरीचा. त्यानंतर ज्याचं कळत-नकळत मन दुखावलं असेल त्याच्याकडे जाऊन हात जोडायचे आणि म्हणायचं, मिच्छामि दुक्कडम्. मी त्यांच्या घरी राहत होतो तेव्हा त्या दिवशी शेठकाका मलाही हात जोडायचे. कॉलेजातल्या पोराला. मला लाजल्यासारखं व्हायचं. अलीकडे बहुतेकांचं फोनवर, व्हॉट्सॲपवर भागतं.

त्या वर्षी ते फोनवर थांबले नाहीत. उपास सोडल्यावर ते ठेवीदारांच्या दारोदार निघाले. जुन्नरच्या गल्ल्या झाल्या, येडगावकडची गावं झाली. येडगावात एकानं त्यांच्यासमोर दार आपटलं. ते बंद दारालाच हात जोडून पुढे गेले, असं मी ऐकलं. मग एसटीनं मढला उतरले आणि पावसात चालत आमच्या वाडीला आले. मी रविवार म्हणून आईकडेच होतो.

पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, उपासानं गाल बसलेले. आधी आमच्याच दारात आले. आईसमोर उभे राहून त्यांनी हात जोडले आणि मान खाली घातली.

"वहिनी, माझ्या हातून तुमचं नुकसान झालं. मला क्षमा करा."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग पदर डोक्यावरून नीट घेतला, पायावर घालायला तांब्याभर पाणी आणलं आणि गूळ आणला. म्हणाली, "शेठ, आधी पाय धुवा. लई चिखल हाय." त्यांनी गूळ खाल्ला, पाणी प्यायलं. ते असंच प्रत्येक घरी गेले. मी छत्री धरून मागे.

आत्या त्यांना बघून घाईनं आत गेली. बाहेर आली ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पावती घेऊन. तिला वाटलं, शेठ पैसे द्यायला आलेत. तिनं पिशवी सोडून पावती उलगडली आणि त्यांच्यापुढे धरली. शेठकाकांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि परत दिली. आत्या वाट बघत उभी राहिली. त्यांचे हात खिशाकडे गेले नाहीत तेव्हा तिला कळलं. तरी ती आत गेली आणि गुळाचा खडा घेऊन आली.

मी त्यांना मोटारसायकलवरून जुन्नरला सोडायला निघालो. खिंडीत पाऊस वाढला म्हणून एका बंद टपरीच्या छपराखाली थांबलो.

"काका, चेअरमननं पाठवलं का तुम्हाला?" मी विचारलं. मंडपात लोक तसंच बोलले असते, म्हणून विचारलं.

"मला कोण पाठवणार? दर वर्षाचा नियम आहे. या वर्षी फोनवर भागण्यासारखं नव्हतं."

"मग चौकशीत पण हेच सांगा ना. न वाचता सह्या केल्या म्हणून."

ते रस्त्यावरून वाहणाऱ्या लाल पाण्याकडे बघत राहिले. "वकिलानं लेखी दिलंय. बैठका झाल्या, कागद तपासले, सगळे हजर होते. सगळ्या संचालकांचं एकच आहे. मी वेगळं बोललो तर मुलांचं दुकान जाईल रे. दुकान माझ्या एकट्याच्या नावावर आहे."

"पण तुम्ही हात जोडून आलात की दारोदार."

"देवासमोर वेगळं. तिथं मुलांचं दुकान मध्ये येत नाही."

पाऊस कमी झाला. मी गाडीला किक मारली तेव्हा ते मागून म्हणाले, "तुला समितीवाले उभं करणार असं ऐकलं. तू एवढंच सांग की शिकायला होतास. दुकानातलं काही लक्षात नाही." थोडं थांबून म्हणाले, "मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही."

हे खरं होतं. मी गाडी खिंडीतून खाली घातली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पेठेच्या तोंडाशी उतरले आणि चालत गेले.

पुढच्या रविवारी वाडीत गेलो तर सगळं फिरलं होतं. कुणी जबाबाला यायला तयार नाही. मी एकेकाला विचारत गेलो. शेवटी आमच्या ओट्यावर सगळे जमले.

"मास्तर, माणूस पावसात दारात आला. पाय धुतलं, गूळ दिला. आता त्याच्यावर जबाब द्यायचा? हे कुठं असतंय का?"

"अरे, पण जबाब शेठवर नाही. चेअरमननं फसवून अंगठे घेतले, एवढंच सांगायचंय. शेठचं नावसुद्धा घेऊ नका."

"मंग निकाल लागल तवा शेठ सुटल?"

मला खोटं बोलता आलं नाही. "एकट्या चेअरमनवर नाही येणार. सगळ्या संचालकांवर येईल."

"म्हंजी शेठ सापडनारच."

"हो."

"मग नगं, भाऊ. एकदा सोडलं म्हंजी सोडलं."

"अहो, चेअरमन आला का हात जोडायला? त्याला का सोडता?"

"त्याला कोन सोडतंय? त्याला तुमी धरा की. आमाला यात घालू नका."

सगळ्यांना सांगितलं. रागावलो, विनवण्या केल्या. आमच्याकडे भांडण मिटवायची हीच रीत आहे. माणूस दारात आला, पाणी दिलं, गूळ दिला, की पुन्हा तो विषय काढायचा नाही. बांधाची भांडणं याच रीतीनं मिटलेली मी पाहिली आहेत. पण बांध दोघांचाच असतो. इथं एका माणसाला सोडताना त्याच्यामागे उभे असलेले सगळे सुटत होते. हे मी शंभर प्रकारे सांगितलं. आत्या मध्येच म्हणाली, "मग माजं पैसं?" मग तिनंच पुन्हा म्हटलं, "न्हाई, पर गूळ मी बी दिलाय."

आई मला आत घेऊन गेली. "तू पण जाऊ नगंस."

"का?"

"त्यानं तुला जेवू घातलं."

"आणि तुझे पैसे?"

"माझं पैसं मी सोडलं. तू तुझं बघ. तुझ्या हातून त्याचं वाईट व्हायला नगं."

सुनावणीच्या दिवशी मी एकटाच गेलो. कंडक्टर दारातच उभे होते. माझ्यामागे कुणी आहे का ते त्यांनी वाकून पाहिलं. "वाडी कुटाय, मास्तर?" मी मान हलवली. ते खुर्चीवर बसले. त्या दिवशी त्यांचा आवाज एकदाही चढला नाही.

चेअरमन आधीच आलेला होता. वकिलांच्या घोळक्यात काहीतरी विनोद चालला होता. मला बघून तो उठला आणि हात पुढे केला. "या गुरुजी! आमचे शेठ म्हणजे माणसं घडवणारे. बघा, आमच्याविरुद्ध साक्षीदारसुद्धा स्वतःच्या घरात तयार केला." लोक हसले. शेठकाका कोपऱ्यात मुलाशेजारी बसले होते. ते हसले नाहीत.

अधिकारी सरळ माणूस होते. त्यांनी मला घाई केली नाही. मी पाहिलं ते सांगितलं. शिपाई बुक घेऊन दुकानात यायचा, शेठ गिऱ्हाईक करता करता सही करायचे, वाचत नसत. बैठक झाली असती तर सही बैठकीतच झाली असती. सांगताना मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होतो.

मग चेअरमनचे वकील उठले.

"तुम्ही यांच्या घरी जेवत होता?"

"हो."

"फुकट?"

"हो."

"हे सह्यांचं तुम्ही कुठं पाहिलं?"

"त्यांच्या दुकानात."

"दुसऱ्या एखाद्या संचालकाच्या घरी, दुकानात पाहिलं?"

"नाही."

"चेअरमनसाहेबांना संस्थेबाहेर सही करताना पाहिलं?"

"नाही."

"म्हणजे इतर संचालक बैठकीला हजर नव्हते, हे तुम्हाला माहीत नाही."

तेव्हा मला कळलं की मी काय केलं आहे. माझं सत्य एकाच दुकानापुरतं होतं. बाकीचं ज्यांच्याकडे होतं ती माणसं वाडीत भाताच्या खाचरात होती. मी म्हणालो, "नाही. मला माहीत नाही."

वकील बसले. चेअरमननं त्यांच्या पाठीवर हलकेच थाप मारली.

अधिकाऱ्यांनी शेठकाकांना विचारलं, साक्षीदाराला काही विचारायचंय का. त्यांचा मुलगा आणि वकील दोघेही त्यांच्या कानाशी लागले. शेठकाका उभे राहिले. म्हणाले, "काही विचारायचं नाही. तो सांगतो तसंच होतं." त्यांच्या वकिलांनी फाइल मिटली.

खिंडीत ते मला जे म्हणाले, त्यानंतर त्यांनी हे का केलं, मला माहीत नाही. मी ते कधी विचारू शकलो नाही. पण त्या क्षणी मला आशा वाटली होती, हे लिहून ठेवतो. वाटलं, एकानं कबूल केलं, आता बाकीच्यांना कबूल करावं लागेल. तसं काही झालं नाही. उरलेल्या सगळ्या संचालकांनी शपथेवर सांगितलं की आम्ही हजर होतो, कागद आम्ही तपासले. हे शेठ तेवढे यायचे नाहीत, त्यांचं त्यांनीच कबूल केलंय. वाडीतले जबाब कायम झाले नव्हते, म्हणून ते धरता आले नाहीत. जीप, अंगठे, ताक, त्यातलं काहीच अधिकाऱ्यांच्या कागदावर गेलं नाही.

आदेश निघाला. काही जबाबदारी सगळ्यांवर आली, पण मोठा भार शेठकाकांवर. बाकीच्यांनी अपील केलं आणि स्थगिती मिळवली. चेअरमनच्या नावावर तसंही काही नव्हतं. घर बायकोचं, जमीन मेव्हण्याची. शेठकाकांनी अपील केलं नाही. त्यांच्या मुलानं मला बाजारात अडवून एवढंच सांगितलं, "बाबा म्हणाले, सही माझी आहे, अपील कशाचं करू? तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं." एवढं बोलून तो गेला. त्याच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

दुकानाला आणि घराला सील लागलं. लिलाव कोर्टकचेरीत अडकला आहे. ठेवीदारांना अजून काही मिळालेलं नाही. कंडक्टर अजून तारखांना जातात. परवा म्हणाले, "मास्तर, कुणाला धरायला निघालो आन् कुणाला धरून आनलं राव." चेअरमन लग्नांना जातो. मागच्या महिन्यात आमच्या शाळेच्या कार्यक्रमाला तो पाहुणा होता. मी मागच्या रांगेत होतो. व्यासपीठावरून त्यानं मला ओळखून हात केला.

आई माझ्याशी बोलते, पण शेठकाकांचं नाव काढत नाही. "शाळा त्यांनी" हे तिचं वाक्य मी त्यानंतर ऐकलेलं नाही.

या वर्षी पर्युषण झालं. संवत्सरी झाली. दर वर्षी न चुकता येणारा फोन आला नाही. चार-पाच दिवस वाट पाहून मी त्यांना पत्र लिहिलं आणि ते आता राहतात त्या भाड्याच्या घरी पोस्टानं पाठवलं. ते असं:

"शेठकाका,

वर तीर्थरूप लिहावं की नाही, ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

फोन येणार नाही हे माहीत होतं. तरी जवळ ठेवला होता.

चौकशीत मी सांगितलं ते खरं होतं. पुन्हा बोलावलं तर तेच सांगेन. त्याबद्दल क्षमा मागत नाही. मागितली तर ती खोटी होईल, आणि तुमच्या घरात या दिवसांत कुणी खोटं हात जोडत नाही, हे मी पाहिलं आहे. पण माझ्या खरं बोलण्यानं फक्त तुम्हीच सापडलात, बाकी कुणी नाही, हे रोज माझ्यासमोर येतं. मी गप्प राहिलो असतो तर तुम्हीही सुटला असता आणि तेही. मी बोललो तर ते सुटले आणि तुम्ही नाही. यांत बरं काय होतं, ते तुम्ही मला शिकवलेलं नाही, आणि दुसऱ्या कुणाला विचारावं असं माझ्याजवळ कुणी नाही.

वाडीनं तुम्हाला माफ केलं आहे. ते खरं आहे, मनापासून आहे. मी केलेलं नाही. करावं असं फार वाटतं. आत्या या पावसात गेली. शेवटी दवाखान्यात न्यायला तिनं नको म्हटलं, खर्च कुठून करायचा म्हणून. ती पिशवी उशाखाली होती. तिच्या मुलीनं मला विचारलं, हिचं काय करू. मी म्हटलं, ठेवून दे. हे तुम्हाला कळवू नये असं आईला वाटतं. पण तिच्या हातचा गूळ तुम्ही खाल्ला आहे, म्हणून कळवतो.

मी अजून दिवस मावळायच्या आत जेवतो.

परवा पेठेतून गेलो होतो. दुकानाच्या कुलपावर लाखेचं सील आहे. माझ्या खोलीची खिडकी मात्र उघडी राहिली आहे. सील लावताना कुणी वर पाहिलं नसेल. पाऊस आत येतो आहे. खाली गल्लीत उभं राहून बराच वेळ बघत होतो. ती लावायला वर जायचं तर आता तुम्हालाही परवानगी नाही आणि मलाही नाही."